कान आधी, हात मागून

पार्सल उघडलं तेव्हा व्हायोलिनच्या पोटात काहीतरी खुळखुळत होतं. वाद्य तिरकं केलं की आतली एक लाकडी कांडी या टोकाकडून त्या टोकाकडे घरंगळायची. तारांना आधार देणारी घोडी वेगळ्या कागदात गुंडाळलेली, तारा ढिल्या, गजावर राळेचा कण नाही. साडेपाच हजार रुपये मोजून मोडकी वस्तू घरी आली असं मला वाटलं. केस मिटली आणि कपाटावर ठेवून दिली. दोन महिने ती तिथेच होती.

मी फोंड्यात सोनारकाम करतो. तेव्हा मी 49 वर्षांचा होतो. वडीलही सोनार. दुकान बंद करून ते देवळात भजनाला पेटी वाजवायला बसत. घरात आम्ही कोकणी बोलतो, पण भजन, आरत्या, नाटकातली पदं सगळी मराठीत, आणि लिहायला बसलो की हाताला मराठीच येते. वडील गोव्याच्या श्रीधर पार्सेकरांचं नाव घेताना आवाज खाली आणत, देवाचं नाव घ्यावं तसा. आपल्यातला माणूस व्हायोलिन गळ्यासारखं गायला लावतो, याचं त्यांना फार कौतुक होतं. पुढे मी गजाननबुवा जोशी ऐकले, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम ऐकल्या. प्रभाकर जोग भावगीत वाजवायला लागले की ओळीतले शब्दसुद्धा ऐकू येत. पेटीवर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं तर मधली वाट नसते, उडीच मारावी लागते. मला ती मधली वाट हवी होती. वडील गेले, मुलगी शिकायला पुण्याला गेली, संध्याकाळी घर शांत झालं, आणि ही गोष्ट परत वर आली.

फोंड्यात पेटी शिकवणारे, तबला शिकवणारे भरपूर. व्हायोलिनसाठी मला बोरीचा पूल ओलांडून लोटलीला जावं लागलं. याचं कारण जुनं आहे. लोटली ज्यात येते त्या सासष्टी तालुक्यात सोळाव्या शतकापासून चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना आधी सोल्फेज, म्हणजे सूर वाचून गाणं, आणि मग व्हायोलिन शिकवत आले. तिथे व्हायोलिनला अजून रेबेक म्हणतात. त्याच शतकात, 1560 मध्ये, आमचा मंगेश कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळला आला. फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तो थेट 1763 मध्ये. त्यामुळे जुवारी नदीच्या पलीकडे रेबेक रुजलं, अलीकडे देऊळ, भजन आणि पुढे पेटी. मला या पुलावरून जाताना दर वेळी हे आठवतं. फोंड्याहून 10-12 किलोमीटरचा रस्ता, पण माझ्या घराण्यात त्या वाटेने संगीत शिकायला गेलेला मी पहिलाच.

शिक्षक सत्तरी ओलांडलेले. लहानपणी पॅरिश शाळेत शिकलेले. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही सरच म्हणतो. पहिल्या दिवशी मी केस उघडून ती खुळखुळणारी कांडी दाखवली. ते हसले नाहीत. वाद्य उजेडाकडे धरून त्यांनी इंग्रजी एफच्या आकाराच्या छिद्रातून आत पाहिलं आणि म्हणाले, "आल्म पडला."

आल्म म्हणजे पोर्तुगीजमधला आल्मा, आत्मा. पेन्सिलीएवढी जाड ती कांडी घोडीच्या एका पायाच्या जरा मागे, वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये उभी असते. तिला गोंद लावत नाहीत. तारांचा ताण घोडीवर, घोडीचा दाब फळीवर, आणि त्या दाबानेच ती उभी राहते. तारा सगळ्या एकदम सैल केल्या किंवा प्रवासात दणका बसला की पडते. सरांनी एक वाकडा पोलादी आकडा काढला, त्याचं टोक कांडीत रोवलं, छिद्रातून ती आत नेली आणि एका डोळ्याने आत बघत उभी केली. मी आयुष्यभर चिमट्याने बारीक कामं केली आहेत, पण दिसत नसलेल्या जागी वस्तू उभी करताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. मग घोडी उभी केली. तीही गोंदाविना. खुंट्या पिळून तारा लावल्या. माझं मोडकं वाद्य मोडलेलं नव्हतंच. ते नुसतं उभारायचं राहिलं होतं.

पहिले पाच आठवडे मी डाव्या हाताचं एकही बोट तारेवर ठेवलं नाही. फक्त गज. घरी येऊन मी तो दुकानाच्या तराजूवर ठेवला. 61 ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने पाच तोळे आणि वर थोडं. एवढ्याशा वजनाला धरायला उजव्या हाताची पाचही बोटं लागतात, आणि पाचही सैल हवीत. अंगठा वाकलेला, करंगळी काठीवर टेकलेली आणि गोल. माझा उजवा हात हातोडीचा आणि कानशीचा. त्याला धरायचं म्हणजे आवळायचं एवढंच ठाऊक. पाच मिनिटांत अंगठा ताठ व्हायचा, करंगळी सरळ व्हायची, गज तारेवर थरथरायचा. सर माझं कोपर खालून एका बोटाने उचलून धरत आणि म्हणत, "दामूं नाका. हाताचें वजन पडूं दी." गजाला दाबायचं नसतं, दंडाचं वजन त्याच्यावर विसावू द्यायचं असतं. हे कळायला एक मिनिट लागलं, अंगात उतरायला चार महिने.

राळेचं मात्र मला कोणी शिकवावं लागलं नाही. आम्ही ठशाचं काम करताना दागिना राळेत बसवतो, त्यामुळे तिचा वास, तिचा चिकटपणा बोटांना माहीत. गजाला घोड्याचे दीडशे-दोनशे केस असतात. राळ लावली नाही तर ते तारेवरून नुसते घसरतात, आवाज येत नाही. राळ लावली की केस तारेला पकडून ओढतात, तार सुटते, परत पकडतात. सरांच्या 'ला' नावाच्या तारेवर हे सेकंदाला 440 वेळा होतं. आपल्याला ऐकू येतो एक सलग सूर. गज घोडीच्या जवळ गेला आणि वजन कमी पडलं की किंकाळी निघते, बोटं ठेवायच्या पट्टीकडे घसरला की फुसकी हवा. मधे दोन बोटांएवढी जागा असते, त्या जागेत गज घोडीला समांतर राहायला हवा. मी कपाटाच्या आरशासमोर उभा राहून पहाटे साडेपाच ते सहा हेच करत असे. घोडीवर रबरी म्यूट बसवून, कारण शेजारी म्हातारी माणसं आहेत.

मानेचं दुखणं महिनाभर होतं. खांद्याखाली आधार बसवला, हनुवटी दाबणं सोडलं, गेलं.

सरांच्या चार तारांची नावं सोल, रे, ला, मी. माझ्यासाठी रे म्हणजे ऋषभ, त्यांच्यासाठी रे म्हणजे एक तार, तिचा सूर कधी बदलत नाही. पहिले काही तास माझ्या डोक्यात यानेच गोंधळ घातला. मग त्यांनी तारा जुळवायला शिकवल्या आणि गोंधळ एका क्षणात सुटला. प्रत्येक तार तिच्या खालच्या तारेचा पंचम आहे. सोलला सा मानला तर रे त्याचा प. रेला सा मानला तर ला त्याचा प. दोन तारांवर गज एकदम फिरवला की आधी आवाजात एक हेलकावा ऐकू येतो, खुंटी हळूहळू पिळत गेलं की तो हेलकावा मंद होत जातो आणि एका जागी थांबतो. वडील तानपुरा लावताना डोळे मिटून ज्याची वाट बघत, तेच हे. पहिल्याच प्रयत्नात मी चारही तारा लावल्या. सरांनी आपल्या कानाने तपासल्या, एकाही खुंटीला हात लावला नाही, आणि म्हणाले, "कान आसा तुका. हात येतलो."

हे वाक्य मी पुढे दीड वर्ष धरून राहिलो. कारण नंतर जे सुरू झालं ते कठीण होतं. लहान मूल व्हायोलिन शिकतं तेव्हा त्याचा कान आणि हात बरोबरीने वाढतात. चुकलेला सूर त्याला तितकासा टोचत नाही. माझा कान जवळपास पन्नास वर्षांचा, रोजच्या भजनात तयार झालेला, आणि हात महिन्याभराचा. बोट पडायच्या आधी सूर कुठे हवा ते मला ऐकू येई, आणि बोट पडे भलतीकडे. व्हायोलिनला पडदे नसतात. सतारीवर निदान कुठे जायचं ते दिसतं. इथे काळीभोर गुळगुळीत पट्टी. सर मुलांना पट्टीवर चिकटपट्टीच्या चार रेघा लावून देतात. मलाही दिल्या, आणि महिन्याने स्वतःच्या नखाने काढून टाकल्या. रेघा असल्या की डोळे काम करतात, कान बसून राहतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरं होतं. रेघा काढल्यावर पंधरा दिवस माझं सगळं बिघडलं आणि मग आधीपेक्षा नीट बसू लागलं.

गंधाराचं एक प्रकरण झालं, ते सांगायलाच हवं. रे तार माझा सा. पहिलं बोट रे, दुसरं ग, त्याला अगदी चिकटून तिसरं म. चौथं बोट प, आणि तोच सूर शेजारच्या मोकळ्या ला तारेत असतो, म्हणून पडताळता येतो. घरी मी वडिलांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून वाजवत असे. खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो त्यात माझा ग विरघळला की बरं वाटे. लोटलीला गेलो की सर म्हणत, दुसरं बोट खाली पडतंय, वर घे. मी वर घेई. घरी तानपुऱ्याशी तो बोचे. मग पेटीवर वाजवून बघितलं, तर पेटीचा ग तिसराच! अर्ध्या स्वराचे 100 भाग केले तर पेटीचा ग तानपुऱ्यातल्या ग पेक्षा सुमारे 14 भाग वर असतो. पट्टीवर हे अंतर साधारण 2 मिलिमीटर भरतं. सोनाराला 2 मिलिमीटर म्हणजे मोठी जागा. मी सरांना हे सांगितलं. त्यांनी मला दोन्ही वाजवून दाखवले. ते ज्या तुकड्यात ग वर मागत होते तिथे तो लगेच पुढच्या सुरावर चढत होता. चढणारा सूर किंचित वर असला की त्याला पुढच्या सुराची ओढ लागते. आणि सूर थांबून राहणार असेल तर तुझ्या तानपुऱ्याचं ऐक, म्हणाले. माझा जन्म पेटीच्या सुरात गेला होता. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली याचा वडिलांना कायम राग होता, आणि मीही त्यांचीच बाजू घेत आलो. वडिलांच्या पेटीवरचं माझं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही. पण बंदी घालणाऱ्यांच्या कानाला काय खटकलं असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे तिसरं बोट जागेवर पडलं. म्हणजे ते आधीही कधीमधी पडत असणार, पण त्या दिवशी मी पाहिलं. रे तारेवर तिसरं बोट ठेवलं की सोल निघतो, जाड सोल तारेच्या बरोबर एक सप्तक वर. मी तो सूर लांब ओढला आणि शेजारची सोल तार, जिला माझ्या गजाचा किंवा बोटाचा स्पर्श नव्हता, अंधुक होऊन थरथरू लागली. गज उचलला. ती वाजतच होती, बारीक. बोट केसभर सरकवून परत वाजवलं. सोल तार गप्प. परत जागेवर आणलं, परत बोलली.

आमच्याकडे कसोटीचा दगड असतो. काळा, हाताच्या तळव्यात मावणारा. सोनं त्याच्यावर घासायचं, रेघ उमटते, तिच्यावर तेजाब टाकायचं, आणि रेघ काय सांगते ते बघायचं. सोनार म्हणतो म्हणून सोनं खरं ठरत नाही, गिऱ्हाईक म्हणतं म्हणून खोटं ठरत नाही. आता यंत्रं आली, पण तो दगड मी अजून वापरतो. त्या पहाटे मला व्हायोलिनमध्ये तो दगड सापडला. मी बायकोला उठवून आणलं. तिला म्हटलं, बघ, या तारेला मी हात लावलेला नाही. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, परत वाजवा." त्यानंतर मी रेघा, यंत्रं, मोबाइलमधलं सूर दाखवणारं ॲप, सगळं बाजूला ठेवलं. आजही सरावाची सुरुवात तिसऱ्या बोटाने, दोन्ही तारांवर, पाच-पाच मिनिटं.

नोटेशन वाचणं मला जड गेलं आणि अजून जातं. मला सरगम पाठ, पाच रेघांवरचे ठिपके अनोळखी. सर यात सूट देत नाहीत. वाजवण्याआधी गाऊन दाखवायचं, तेही नोटेशन बघून. गोव्यातून मुंबईला गेलेल्या वादकांना सिनेमाच्या वाद्यवृंदात काम मिळालं ते याच्याच बळावर, असं ते सांगतात. रात्री लिहिलेला कागद सकाळी समोर ठेवला की हे लोक बघून वाजवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातले, प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. मी काही मुंबईला जाणार नाही. पण गाऊन मग वाजवायचं ही रीत माझ्या ओळखीची होती, म्हणून नेटाने करतो.

पहिला पाऊस आला आणि व्हायोलिन आजारी पडलं. जूनच्या मध्यावर गजाचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी केस ताणले जाईनात. दमट हवेत केस लांबतात. खुंट्या फुगून भोकात अडकल्या. पट्टीवर पांढरी बुरशी. आणि जुलैत एका सकाळी सोल तार वाजवली की पत्रा वाजावा तशी करकर ऐकू आली. शोधलं तर खालच्या बाजूला फळी आणि कडेची पट्टी यांच्यामधली सांध उघडली होती, नख जाईल एवढी. माझ्या हाताशी सुताराचा पांढरा गोंद होता. लावण्याआधी सरांना फोन केला म्हणून वाचलो. "हात लायनाका!" एवढ्या मोठ्या आवाजात ते माझ्याशी एकदाच बोलले.

व्हायोलिन सरसाने चिकटवतात, आणि सरस मुद्दाम कमी ताकदीचा ठेवतात. पावसात लाकूड फुगलं की कुठेतरी सुटलं पाहिजे. सांध सुटली तर परत जोडता येते. सांध पक्की केली तर ताण फळीत जातो आणि फळी उभी चिरते. मडगावात एक दुरुस्ती करणारे आहेत, त्यांनी गरम सरस पातळ करून सुरीच्या पात्याने आत सारला, लाकडी शिकंजे लावले, दुसऱ्या दिवशी वाद्य परत दिलं. आता पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आठवड्याला बदलायच्या. व्हायोलिन भिंतीच्या कपाटात ठेवायचं नाही. वाजवून झालं की गज सैल करायचा. खुंटी अडकली तर जोर करायचा नाही, एसीच्या खोलीत तासभर ठेवायची, सुटते. गोव्यात व्हायोलिन घेणाऱ्या प्रत्येकाला दुकानदाराने हे आधी सांगायला हवं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

चतुर्थीला घरातल्या आरतीत वाजवून बघितलं. घुमट, शामेळ ही चामड्याची वाद्यं आणि कांसाळें, म्हणजे मोठ्या झांजा, एकदम सुरू झाली आणि मला माझा स्वतःचा सूर ऐकू येईना. दुसऱ्या आरतीला व्हायोलिन ठेवलं आणि कांसाळें हातात घेतलं. देवळातल्या भजनात मात्र बसतो. तिथले बुवा म्हणाले, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून वाजव, आपल्याकडे तसंच वाजवतात. खरं आहे. मींड काढायला डावा हात मोकळा लागतो, वाद्याचा भार पायावर गेला की तो मोकळा होतो. मी सरांना भीत भीत विचारलं. म्हणाले, ती रीत मला येत नाही, येणाऱ्याकडून शीक, गज तोच आहे. अजून गुरू मिळालेला नाही. शोधतो आहे. तोपर्यंत देवळात मी खांबाजवळ उभा राहून वाजवतो, गायकाच्या मागे मागे, ध्रुवपदापुरता.

यंदाच्या मे महिन्यात सरांच्या वाड्यावर खुरसाजवळ, म्हणजे क्रुसाजवळ, लादाईन होती, मारियेची गाऊन म्हणायची प्रार्थना. खुरीस नव्याने चुना लावून पांढरा केलेला, झेंडूचे हार, मेणबत्त्या. सर दरवर्षी तिथे वाजवतात. आठवडाभर आधी त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला. मारियेची एकेक पदवी पुढचा गाणार, आणि दर पदवीला सगळे मिळून उत्तर देणार, ओरा प्रो नोबिस, आमच्यासाठी प्रार्थना कर. त्या उत्तराचा दुसरा आवाज, सेगुंद, मी वाजवायचा. माझ्या वाट्याला चार सूर. चारातला शेवटचा, रे तारेवरचं तिसरं बोट.

बायको बरोबर आली होती. पंचवीस-तीस माणसं असतील. सरांनी मान हलवली आणि सुरू झालं. पहिल्या सात-आठ उत्तरांना माझा गज थरथरत होता. लॅटिन मला कळत नव्हतं, पण तेच उत्तर पुन्हा पुन्हा येत होतं, आमच्याकडे नामाचा गजर येतो तसं, आणि मला वाट बघायची सवय होती. केव्हातरी अंगठा सैल झाला. लोक सेगुंद गात होते, माझा सूर त्यांच्या खाली जाऊन बसला. तिसरं बोट पडलं की मी खाली बघत होतो. मेणबत्तीच्या उजेडात सोल तार धुरकट होत होती, थांबत होती, परत धुरकट होत होती.

लादाईन संपल्यावर उकडलेले चणे वाटले. सर माझ्याजवळ आले, माझं व्हायोलिन हातात घेतलं, सर्वांत बारीक तारेवर अंगठ्याचं नख फिरवलं.

"मीची तार पोरनी जाल्या," म्हणाले. "खाऱ्या वाऱ्यान जंग आयला. सोमाराक येतना नवी हाड."